घडविणारा कोण?

वस्त्र तंतूंचें बनलेलें असतें, पण तंतूंचा ढीग म्हणजे वस्त्र नव्हे. अवयवांहून अवयवी निराळा, हें मत कणादाच्या अनुयायांनीं किती नेटानें मांडलें, हें दर्शनांशीं थोडाबहुत परिचय असलेल्या वाचकांस सांगावयास नको. त्यांचा दुसरा एक सिद्धान्त असा कीं, कार्याचे गुण कारणाच्या गुणांपासून येतात. पांढऱ्या तंतूंचें वस्त्र पांढरेंच व्हावयाचें. हा सिद्धान्त आम्हांस विद्यार्थिदशेपासून निर्विवाद वाटत आला होता. आतां तसा वाटत नाहीं.

1996 सालीं अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत चॅड मिर्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सोन्याचे सुमारें 13 नॅनोमीटर व्यासाचे कण घेतले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश. असे कण पाण्यांत विखुरले म्हणजे पाणी तांबडें दिसतें, हें फॅरडेला 1857 सालींच ठाऊक होतें. या कणांवर डी. एन. ए.चे आंखूड धागे चिकटविले, आणि मग त्या धाग्यांस जोडणारा तिसरा धागा पाण्यांत सोडला. कण एकमेकांजवळ आले आणि पाण्याचा तांबडा रंग जाऊन तें निळसर झालें. ऊन करतांच बंध सुटले व पाणी पुनः तांबडें! सोनें तेंच, कणही तेच. बदललें तें मुख्यतः त्यांच्यामधील अंतर. मडकें भाजल्यानें रंग पालटतो हा अपवाद वैशेषिकांनीं मानिला आहे खरा. पण तेथें अग्नि परमाणूंचाच रंग बदलतो. येथें हा निळा रंग कोणत्या तंतूंत होता?

2008 सालीं मिर्किन यांच्याच प्रयोगशाळेंत, धाग्यांतील अक्षरक्रम बदलून, तशाच सुवर्णकणांपासून दोन निरनिराळ्या रचनांचे स्फटिक मिळविण्यांत आले. एकही कण कोणीं हातानें रचला नव्हता. मग कर्ता कोणास म्हणावें? आमचे एक स्नेही म्हणतात, माळी कांहीं फूल घडवीत नाहीं. दृष्टान्त गोड आहे, पण लंगडा आहे. माळ्यानें बीं निर्माण केलेलें नसतें. येथें धाग्यांतील एकेक अक्षर माणसानें योजिलेलें असतें. शिवाय, स्वामित्वाचे हक्क मागतांना 'हें आम्हीं केलें' म्हणावें आणि अनर्थ झाला तर 'तें आपोआप जुळलें' म्हणावें, हा मोह या दृष्टान्ताच्या आड सहज लपतो.

यावर कोणी म्हणेल कीं, जें आधीं ओळखतां येत नाहीं त्याचा दोष कर्त्यास कसा द्यावा? अडचण खरी आहे. अंगठींतलें सोनें निष्क्रिय. तेंच कांहीं नॅनोमीटरांच्या कणांत विभागलें असतां कार्बन मोनॉक्साइडच्या ज्वलनास चालना देतें, हें जपानमध्यें हारुता यांनीं 1987 सालीं दाखविलें. परंतु मोठ्या तुकड्यावरून कणाचें व कणावरून समुदायाचें अनुमान फसतें, हें एकदां कळल्यावर 'कण निरुपद्रवी होता' ही सबब पुरेशी नाहीं. नव्या समुदायाची परीक्षा नव्यानेंच केली पाहिजे, आणि ती करण्याचा भार जोडणाऱ्यावरच पडतो.

2014 सालीं त्याच प्रयोगशाळेनें असें मिश्रण कित्येक दिवस सावकाश निवविलें, तेव्हां बारा समभुज-चौकोनी पृष्ठांचे रेखीव स्फटिक तयार झाले. घाईनें निवविलें कीं वेडावांकडा गोळा हातीं येतो. त्या दिवसांत शास्त्रज्ञानें करावयाचें तें इतकेंच, कीं उष्णमान हळूहळू उतरूं द्यावें. हें काम थोडें कीं फार, यावर स्नेह्यांशीं आमचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.