कागदावर फिरलेला अखेरचा हात

लगद्यातून साच्यावर उचललेला, दाबून वाळवलेला कागद लिहायला घेतला तर अक्षर फुटते. तंतूंच्या जाळीतल्या बारीक पोकळ्या शाई ओढून घेतात आणि रेघ पसरते. शाईला किती आत घ्यायचे आणि कुठे थोपवायचे, हे कागद झाल्यानंतरच्या संस्कारांनी ठरते. खळ लावणे, घोटणे, रुळांखालून काढणे, लेप देणे या कामांना आपण सहसा सजावट समजतो. खरे तर कागद काय स्वीकारील आणि स्वीकारलेले किती काळ सांभाळील, याचा निर्णय बराचसा तिथेच होतो.

जुन्नरला, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची मोठी परंपरा होती. अशा देशी कागदाला पिठूळ खळ लावत, तो वाळवत आणि गुळगुळीत फळीवर पसरून दगडाने किंवा शंखाने घोटत. खळीचा पातळ पापुद्रा पोकळ्या बुजवी. घोटण्याच्या दाबाने उभे राहिलेले तंतू निजत आणि पृष्ठभागावर मंद झळाळी येई. मोडी ही पळती लिपी. बोरूच्या टोकाला तंतू अडला की हात अडणार, आणि हात अडला की ओळीची लय मोडणार. काजळीची शाई अशा कागदात मुरत नाही, वरच बसते. त्यामुळे ओल्या फडक्याने चूक पुसता येई. पण त्याच कारणाने भिजलेल्या दप्तरातले अक्षर वाहून जाण्याची भीतीही मोठी. घोटणाऱ्याने दिलेली सोय आणि जोखीम एकाच गुणातून आलेली आहेत.

युरोपात खळीऐवजी जनावरांच्या कातड्यापासून काढलेला सरस वापरात आला. पिसाच्या टोकदार लेखणीला तिथे टणक पृष्ठभाग हवा होता. छपाई आली तेव्हा गरज बदलली. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने 1757 साली व्हर्जिलचे काव्य छापले, तेव्हा त्याच्या टाइपातल्या केसासारख्या बारीक रेघा उठाव्यात म्हणून त्याने छापलेले ताव तापलेल्या धातूच्या पत्र्यांमध्ये दाबले. अक्षराची कल्पना आणि कागदाची सफाई त्याच्या दृष्टीने एकाच कामाचे दोन भाग होते.

घोटणाऱ्या हाताची जागा कारखान्यात कॅलेंडर नावाच्या यंत्राने घेतली. एकावर एक रचलेल्या लोखंडी रुळांमधून कागद धावतो आणि दाबाने सपाट होतो. सुपरकॅलेंडरमध्ये एकाआड एक रूळ मऊ असतात, त्यामुळे दाबाबरोबर सूक्ष्म घर्षणही मिळते. त्याहून पुढची पायरी लेपाची : चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेट बंधकात कालवून चढवले की तंतू झाकले जातात आणि आर्ट पेपरवर छायाचित्राचा बारीकातला बारीक ठिपका उमटतो. मात्र या सफाईची किंमत असते. कागद दाबला की जाडी घटते आणि अपारदर्शकताही. पुठ्ठ्याच्या बाबतीत हे अधिक नाजूक, कारण जाडी थोडी कमी झाली तरी ताठपणा बराच घटतो आणि खोका दबतो. म्हणून जाणता कारागीर पुठ्ठ्याला हलकाच दाब देतो आणि गुळगुळीतपणाचे काम लेपावर सोपवतो.

ही किंमत तिथल्या तिथे दिसते. दुसरी किंमत मात्र नातवंडांच्या काळात वसूल होते. जर्मनीतल्या मोरिट्झ इलिगने 1807 साली राळ आणि तुरटी थेट लगद्यात मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली. ताव एकेक करून सरसात बुडवण्याचे कष्ट वाचले, कागद स्वस्त झाला आणि त्या स्वस्ताईने छापील शब्द घराघरांत पोचवला, हे उपकार विसरता येत नाहीत. पण तुरटीवर्गीय क्षारांतून कागदात आम्ल तयार होते आणि ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहते. त्यात लाकडाचा स्वस्त लगदा आला की पानाचे वय आणखी घटते. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीची कित्येक मराठी मासिके उलटताना कडेने तुटतात, आणि त्यांच्याहून कितीतरी जुने पेशवे दप्तरातले घोटीव कागद अजून दुमडता येतात. हातकागद अमर नव्हे. त्याची खळ कसरीला आवडते. तरी त्याच्या पोटात त्याचा शत्रू नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आम्लरहित द्रव्ये रुळली आणि कारखान्यालाही टिकाऊ कागद साधला.

वाचवण्यासाठी दिलेला थरही कधी कधी अडचण होतो. जीर्ण दस्तऐवजांवर सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा चढवण्याची पद्धत गेल्या शतकात अनेक अभिलेखागारांनी आस्थेने स्वीकारली. आज तो पडदा उतरवणे हेच संवर्धकांपुढचे कष्टाचे काम आहे. आपल्या लग्नपत्रिकांवरची चकचकीत प्लास्टिकची फिल्मही त्याच जातीची. ती चिकटली की तंतू पुन्हा लगद्यात मोकळे होणे कठीण होते.

यातून एक कसोटी हाती लागते. सफाई किती डोळ्यांत भरते, एवढे पाहून भागत नाही. तिने कागदाचे पुढचे किती मार्ग खुले ठेवले, हेही पाहावे लागते. डागडुजी करता येईल का, थर उतरवता येईल का, तंतूंचा पुन्हा कागद होईल का? कागद निवडताना प्रकाशकाने, मुद्रकाने आणि पत्रिका छापून घेणाऱ्या यजमानानेही हे विचारावे. कागद पुष्कळदा त्याच्यावर लिहिणाऱ्याहून जास्त जगतो. त्याचे आयुष्य ठरवण्याचा अधिकार आज आपल्याकडे आहे, म्हणून जबाबदारीही आपलीच आहे.