उघडी संपत्ती, झाकलेली नियत

जकातीच्या प्रकरणात आपल्या फकीह मंडळींनी संपत्तीचे दोन प्रकार मानले आहेत. रानात चरणारी जनावरे आणि शेतातले पीक ही 'जाहिर' संपत्ती. ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडते. सोने, चांदी, रोकड आणि दुकानातला माल ही 'बातिन' संपत्ती. तिचा खरा आकडा मालकाखेरीज कोणाला ठाऊक नसतो. पहिल्या प्रकारची जकात वसूल करण्यासाठी शासनाचा आमिल दारी येत असे. दुसऱ्या प्रकारची जकात मात्र माननीय उस्मान (रजि.) यांनी आपल्या खिलाफतीत मालकांच्याच हाती सोपविली, असे हनफी ग्रंथकार नमूद करतात. लोकांच्या घरात शिरून त्यांच्या पेट्या उघडायला लावणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. ज्याचा माल त्यानेच मोजावा, त्यानेच द्यावा. पाहणारा अल्लाह आहे.

वाचकहो, जाहिर आणि बातिन यांच्यामधली ही भिंत आपल्या डोळ्यांदेखत पडली आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा चलनातून बाद झाल्या. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले. आज दहा रुपयांच्या चहाचीही नोंद राहते: कोणी दिले, कोणाला दिले, किती वाजता दिले. भाजीच्या गाडीवर, रिक्षात, मशिदीच्या दानपेटीवरसुद्धा क्यूआर कोडचा कागद चिकटलेला दिसतो. जे धन कालपर्यंत बातिन होते ते जाहिर झाले. प्रश्न असा की संपत्ती उघडी पडली म्हणून माणूस अधिक प्रामाणिक होतो, की लपण्यासाठी निराळी जागा शोधतो?

जुलै 2025 मध्ये बेंगळुरूत जे घडले ते या प्रश्नाच्या उत्तराला उपयोगी आहे. कर्नाटकाच्या कर विभागाने यूपीआयच्या नोंदी तपासल्या आणि ज्यांच्या खात्यांत वर्षाकाठी जीएसटीच्या नोंदणीमर्यादेपेक्षा (मालासाठी 40 लाख, सेवेसाठी 20 लाख रुपये) अधिक रक्कम आली अशा हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या. त्यांत बेकरीवाले होते, चहावाले होते, आणि ज्यांच्या मालावर जीएसटी लागतच नाही असे दूध-भाजी विकणारेही होते. कित्येकांचे म्हणणे असे की खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नव्हता. नातेवाइकांनी पाठविलेले, उसने घेतलेले पैसेही त्यात होते. अवघ्या काही दिवसांत दुकानांवरचे क्यूआर कोड उतरले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. पुढे शासनाने जुन्या थकबाकीचा आग्रह सोडला. पण त्या पाट्यांनी सांगायचे ते सांगून टाकले होते. तंत्र कितीही नवे असो, भयाने घडविलेला प्रामाणिकपणा भयाचे कारण टळताच, किंवा पळवाट सापडताच, ओसरतो.

सगळा दोष दुकानदारावर टाकणे न्यायाचे होणार नाही. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला तो 'एक देश, एक कर' म्हणून; प्रत्यक्षात 5, 12, 18 आणि 28 असे टप्पे, वर सूट, सवलत, अपवाद. डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने मक्याच्या लाह्यांविषयी खुलासा केला: मीठ लावलेल्या सुट्या लाह्यांवर 5 टक्के, त्याच पाकिटात बंद करून छाप मारला तर 12, आणि साखरेचा पाक चढविला तर 18. देश हसला. पण ज्याला संध्याकाळी गल्ला मोजून बिल लिहायचे आहे त्याला हसू कसे येणार? 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंसाठी 5 आणि 18 असे दोनच मुख्य टप्पे राहिले, हे बरे झाले. तरीही मधल्या आठ वर्षांनी लोकांना जी सवय लावली ती एका अधिसूचनेने जाणार नाही.

ती सवय म्हणजे प्रश्न बदलण्याची. नियम सरळ असतो तेव्हा माणूस विचारतो, 'मी किती देणे लागतो?' नियम चक्रव्यूहासारखा झाला की तो विचारतो, 'कोणत्या रकान्यात बसलो म्हणजे देणे लागत नाही?' दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो, म्हणून एका दागिन्याची दोन बिले होतात. दहा हजारांपुढचा रोख खर्च हिशेबात धरला जात नाही, म्हणून साडेनऊ हजारांच्या पावत्या फाटतात. कागद बिनचूक असतो. खोटे असते ते कागदामागे.

याला आपल्या परंपरेत एक नाव आहे: हीला. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या 'सहीह'मध्ये या युक्त्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरणच राखून ठेवले आहे, आणि त्यात जकातीची हदीसही आणली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या त्या आज्ञेचा आशय असा की जकात टळावी म्हणून एकत्र असलेले वेगळे करू नये आणि वेगळे असलेले एकत्र आणू नये. चाळीस मेंढ्यांवर एक मेंढी द्यावी लागते. चाळिसांपासून एकशे वीसपर्यंत एकच. तेव्हा चाळीस-चाळीस मेंढ्यांच्या तीन मालकांनी आमिल दिसताच कळप एकत्र हाकले, तर तीनऐवजी एका मेंढीवर भागते. उलट दोन भागीदारांचा चाळिसांचा एक कळप वीस-वीस असा तोडला, तर काहीच द्यावे लागत नाही. (भागीदारीचा हा हिशेब शाफई फिक्हचा, म्हणजे आपल्या कोकणी बांधवांच्या ओळखीचा, हनफी मत यात वेगळे आहे. परंतु जकात चुकविण्याच्या इराद्याला आज्ञेत जे वर्ज्य ठरविले त्यावर दुमत नाही.)

आता चाळीस मेंढ्यांच्या जागी चाळीस लाख ठेवून पाहा. दुकान एकच, गल्ला एकच, बसणारा एकच. पण अर्धी विक्री पत्नीच्या नावाच्या खात्यावर, उरलेली मुलाच्या. दोन क्यूआर कोड शेजारी-शेजारी, आणि दुपारनंतर पहिला झाकून दुसरा पुढे. चौदाशे वर्षांपूर्वीचा तो कळप हाच नव्हे काय?

यावर एक उत्तर हमखास येते: 'ते जकातीचे, जकात अल्लाहचा हक्क आहे. सरकारचा कर तसा नाही.' ही गोष्ट खरी आहे की जकात इबादत आहे आणि कर नाही. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही. हेही खरे की जुलमी वसुलीचा इस्लामने कडक निषेध केला आहे. परंतु सार्वजनिक गरजेसाठी जकातीव्यतिरिक्त आकारणी न्याय्य ठरू शकते, असे इमाम गजाली आणि इमाम शातिबी (रह.) यांनी अटी घालून मान्य केले आहे, आणि ज्या देशाचे नागरिकत्व आपण स्वीकारले त्याच्याशी झालेल्या कराराचे पालन कुरआनच्या आज्ञेत बसते. शिवाय जीएसटीत एक गोष्ट अगदी निराळी आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. ग्राहकाकडून बिलावर कर म्हणून घेतलेली रक्कम दुकानदाराची कधी नव्हतीच. ती ग्राहकाने पोहोचती करण्यासाठी दिलेली अमानत आहे. ती गल्ल्यात ठेवून घेणे हा 'सरकारचा पैसा बुडविण्या'चा प्रश्न उरत नाही.

शासनकर्त्यांसाठीही आपल्या इतिहासात एक नोंद आहे. माननीय उमर (रजि.) यांनी व्यापारी मालावरच्या वसुलीसाठी जियाद बिन हुदैर यांना नेमले. त्यांना आज्ञा होती की कोणाची झडती घेऊ नये; समोरून जो माल जाईल त्याचा ठरलेला हिस्सा घ्यावा. काजी अबू यूसुफ (रह.) यांनी 'किताबुल खराज'मध्ये ही गोष्ट नमूद केली, आणि हा ग्रंथ त्यांनी लिहिला होता खलिफा हारून रशीद यांच्यासाठी. आज यंत्राला झडती घेण्यासाठी दार ठोठवावे लागत नाही. म्हणूनच ज्याच्या हाती सर्वांचे हिशेब आहेत त्याने नोटिशीपूर्वी समजावणे, आणि विक्री व उसनवारी यांत फरक करणे, हे त्याचे कर्तव्य ठरते.

पण हील्याचे सर्वांत मोठे नुकसान शासनाला होत नाही, घराला होते. पत्नीच्या नावावर अर्धे दुकान केले, तर ते तिचे झाले काय? शरियतमध्ये पत्नीची मालमत्ता तिची असते, पतीला तिच्यावर हक्क नाही. ते खरोखर तिचे असेल, तर त्याच्या नफ्यावर तिचा अधिकार, त्याची जकात तिच्यावर, आणि नवऱ्याने न विचारता त्यातून खर्च करणे गैर. ते तिचे नसेल, तर वर्षानुवर्षे सहीनिशी लिहून दिले ते खोटे. या दोहोंपैकी काय, हे घरात कोणी बोलत नाही, कारण दुकान चाललेले असते.

मग एके दिवशी वडील वारतात. मय्यतीनंतर काही आठवड्यांनी भावंडे वारसा वाटायला बसतात. मोठा मुलगा कागद काढतो: निम्मा धंदा त्याच्या नावावर, म्हणून तो वाटणीबाहेर. बहिणी म्हणतात, ते तर अब्बांनी करासाठी केले होते. आईच्या नावच्या खात्यातला माल आईचा की अब्बांचा, यावर सुना बोलू लागतात. मौलाना साहेबांना बोलावले जाते. ते विचारतात, 'मरहूमांनी हे दिले होते की नुसते नाव लावले होते?' साक्षीदार हयात नाही. कागद एक सांगतो, घरातले प्रत्येक जण दुसरे जाणतो, आणि सख्ख्या बहिणीचा कुरआनने ठरवून दिलेला हिस्सा कराच्या त्या जुन्या पावतीखाली दबून राहतो.