कोणाचे पत्र टिकते?

पहिल्या बाजीरावांना दोन बहिणी होत्या. अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे दिली आणि भिऊबाई बारामतीच्या जोशी-नाइकांकडे. इचलकरंजीचे घर पुढे संस्थान झाले, बारामतीचे घर सावकारीवर उभे होते. भिऊबाईचे यजमान आबाजी नाईक, आणि यजमानांचे भाऊ बाबूजी नाईक. बाजीरावांच्या स्वाऱ्यांना जो पैसा लागे त्यातला बराच कर्जाचा असे, आणि धनकोंच्या यादीत बारामतीकरांचे नाव होते. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव वारले. पेशवाईची वस्त्रे कोणाला द्यायची हा प्रश्न साताऱ्यात उभा राहिला, तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांनी बाबूजी नाइकांचे नाव पुढे रेटले. शाहू महाराजांनी वस्त्रे बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांना दिली. मग बाबूजींनी थकलेल्या कर्जाचा तगादा लावला, धरणे धरले, आणि महादजीपंत पुरंदऱ्यांनी रक्कम भागवून नानासाहेबांना मोकळे केले.

इतिहासाची पुस्तके हा प्रसंग दरबारी राजकारण म्हणून सांगतात. पण भिऊबाईच्या जागी उभे राहून पाहावे. पेशवेपदासाठी एका बाजूला सख्खा भाचा, दुसऱ्या बाजूला सासरच्याच घरातला माणूस. देणे माहेरचे, घेणे सासरचे. यात घर कुठे संपते आणि राज्य कुठे सुरू होते हे कोणी दाखवून द्यावे. मला ती रेघ सापडत नाही, आणि ती नव्हतीच असे माझे म्हणणे आहे.

रेघ नंतर आपण ओढली. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. हे काम डोंगराएवढे आहे, त्याच्या आधाराशिवाय कोणालाही पुढे जाता येत नाही. त्यांत पेशव्यांच्या खासगी जीवनाचे खंड वेगळे काढलेले आहेत. सरदेसायांनी निदान ते कागद छापले, हा त्यांचा मोठेपणा. पण एकदा खंड वेगळे झाले की वाचकही वेगळे होतात. लढाया आणि तह शोधणारा खासगीच्या खंडाकडे फिरकत नाही, आणि लग्नमुंजी, आजारपणे, व्रतवैकल्ये यांचे कागद हौशी माणसाच्या वाट्याला जातात. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेला बसून पटवर्धनांची पत्रे लावली, इचलकरंजीचा इतिहास लिहिला. त्यांच्या हाती घराण्यांची दप्तरेच होती. त्यांना घर आणि दरबार एकत्र पाहावे लागले आणि त्यामुळेच त्यांची माणसे जिवंत वाटतात.

असे पत्र एकदा जवळून पाहावे. जुन्नरी किंवा दौलताबादी कागदाचा लांबट बंद, वर ‘श्री’. कारकून आधी ओळ आखून घेई आणि तिला अक्षरे लटकवत बोरू शक्य तितका न उचलता मोडी लिहीत जाई. आरंभी मायना. चिरंजीव की तीर्थरूप, नमस्कार की आशीर्वाद, हे नाते आणि वय पाहून ठरलेले. सवाष्ण बाईला लिहिताना वज्रचूडेमंडित आणि तिला वैधव्य आले की पुढच्याच पत्रापासून गंगाभागीरथी. मग येथील क्षेम, तिकडचे क्षेम लिहीत जावे ही विनंती, अरबी महिन्याची तिथी, आणि ‘विशेष’ आला की खरा मजकूर. तिथे फौजेचा मुक्काम, थकलेला वसूल, मुलाचा ताप, नथीचे मोती आणि सोयरिकीची बोलणी एकामागून एक येतात, परिच्छेदही न बदलता. गुप्त काही असेल तर त्याची वेगळी पुरवणी. घरातल्या बाईचे पत्रसुद्धा पुष्कळदा कारकुनाच्या हातचे असे. ती सांगे, तो लिही. पोचले की दुसरा कारकून वाचून दाखवी. दोन परक्या माणसांच्या कानांवरून गेलेले पत्र आजच्या अर्थाने खासगी नसते. तरीही माणसे त्यातून रुसत, बजावत, काळजी करत. नानासाहेबांच्या पत्नी, गंगापूरला जाऊन राहिलेल्या गोपिकाबाईंनी नातू सवाई माधवरावांना वागणुकीची कलमे लिहून पाठवली. पहाटे उठण्यापासून कारभाऱ्यांशी कसे वागावे इथपर्यंत. ते आजीचे पत्र म्हणावे की राज्यकारभाराचा कागद?

पानिपतची बातमी जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेबांना भेलशाच्या मुक्कामी पोचली, तीही एका सावकारी पत्रातून. दोन मोती, काही मोहरा, मोजता न येण्याइतका खुर्दा गेला, एवढाच मजकूर. एक मोती त्यांचा मुलगा होता, दुसरा चुलतभाऊ. पोटचे पोर गेल्याची बातमीसुद्धा पेढीच्या भाषेत येऊ शकत होती, आणि वाचणाऱ्याला ती लागत होती.

आता ही पत्रे का टिकली, हा प्रश्न घेऊ. माया होती म्हणून टिकली असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्यात हक्क अडकलेला होता म्हणून टिकली. कोणते गाव इनाम, कोणाला दत्तक घेतले, वाटणी कशी झाली, वर्षासन कोणाचे, याचा पुरावा कोणत्या कागदात निघेल हे सांगता येत नसे, म्हणून सगळेच रुमालात बांधून माळ्यावर. १८१८ ला पेशवाई बुडाली तरी रुमाल सुटले नाहीत, उलट गाठ घट्ट झाली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदाराला आपला हक्क कागदाने शाबीत करावा लागला. आजोबांनी आत्याला लिहिलेल्या पत्रातले एक वाक्य गाव वाचवू शकत होते. शंभर वर्षांनी इनामे खालसा झाली, कूळकायदा आला, मोडी शाळांतून गेली, आणि मग ते रुमाल रद्दीत निघू लागले. हक्क संपला तशी राखण संपली.

त्याच काळातल्या अमेरिकी बड्या घरांकडे पाहिले की फरक ध्यानात येतो. थॉमस जेफर्सनने आयुष्यात सुमारे १९,००० पत्रे लिहिली. नक्कल आपोआप उतरावी म्हणून तो दोन लेखण्या जोडलेले यंत्र वापरी. मुलीला, नातवंडांना अभ्यासाबद्दल लिही. जॉन आणि अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स या नवराबायकोंची अकराशेहून जास्त पत्रे आहेत, आणि अ‍ॅबिगेलची पत्रे तिच्या नातवाने १८४० मध्ये छापून प्रसिद्ध केली. उलट मार्था वॉशिंग्टनने नवऱ्याशी झालेला पत्रव्यवहार जवळजवळ सगळा जाळला. तिथे पत्र जपायचे किंवा जाळायचे ते माणसाच्या मनाप्रमाणे. आपल्याकडे मनाला विचारतो कोण, जमीन विचारत होती. पण एका बाबतीत दोन्हीकडची घरे सारखी. निवांत बसून पत्र लिहिण्याची सवड दुसऱ्यांच्या कष्टांवर मिळालेली होती. जेफर्सनच्या पॉप्लर फॉरेस्ट मळ्यावरच्या हॅना या गुलाम बाईने नोव्हेंबर १८१८ मध्ये त्याला आजारपणाची विचारपूस करणारे पत्र लिहिले. ते टिकले, कारण ते मालकाच्या कागदांत गेले.

बारामती-इंदापूरच्या कुणब्याचे पत्र कोणत्या कागदांत गेले? त्याचे नाव लागले ते सरकारी पाहणीत आणि सावकाराच्या दस्तात. इंग्रज अधिकारी प्रिंगलच्या जमाबंदीने इंदापूर तालुक्यातली शेते ओस पडली, म्हणून १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथेच नवी मोजणी व प्रतबंदी सुरू केली. पुढे मुंबई इलाख्यात पसरलेली पद्धत ती हीच. त्या तक्त्यांत शेतकरी म्हणजे एक नंबर आणि आकार. दस्तात तो थोडा अधिक दिसतो. मजकूर दुसऱ्याचा, अक्षर दुसऱ्याचे, खाली त्याची निशाणी नांगर. लेकीचे लग्न, बैल मेला, पाऊस चुकला, या त्याच्या घरच्या गोष्टी तिथे केवळ मुद्दल म्हणून उरत.

१२ मे १८७५ ला बारामतीजवळच्या सुप्याच्या बाजारात लोकांनी मारवाडी-गुजर सावकारांच्या दुकानांवर चाल केली. दुकाने लुटली गेली, घर पेटले. पण मागणी मुख्यतः एकच होती, वह्या आणि रोखे बाहेर काढा. हे लोण सुपे ज्यात येई त्या भीमथडी तालुक्यातून नगर जिल्ह्यात गेले, आणि जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. ज्या मुलखात एका घराण्याने शे-दीडशे वर्षे कागद जिवापाड जपले, त्याच मुलखात हजारो घरांनी आपले नाव असलेला कागद जाळण्यात सुटका पाहिली. दोन्हीकडे कागदाची किंमत अचूक कळलेली होती.

म्हणून बड्या घरांची पत्रे वाचू नयेत असे मी म्हणत नाही. अधिक बारकाईने वाचावीत. लग्नाच्या पत्रात धान्य कोणत्या गावाहून आणवले, बिगारी कोण होते, मुलाच्या मुंजीसाठी कोणत्या गावचा वसूल तोडून दिला, ही वाक्ये खासगीच्या खंडातही किरकोळ ठरतात, आणि कुळाचा माग लागतो तो तिथेच. सुप्याच्या दंग्यानंतर चौकशी कमिशन बसले. त्याच्या अहवालामागोमाग १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला आणि रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिण्याची सक्ती झाली. तो अहवाल छापील आहे, नाइकांच्या उलाढालींचे कागदही पेशवे दप्तराच्या खंडांतून छापलेले आहेत. बारामतीत आज इतिहास शिकवणारी महाविद्यालये आहेत. एका वर्गात या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर ठेवाव्यात, मोडी येणारा एखादा शिक्षक बसवावा, आणि ज्यांच्या माळ्यावर अजून रुमाल आहेत त्यांना सांगावे की रद्दीवाल्याला बोलावण्याआधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला कळवा, आणि पत्रांतली दुखण्याबाण्याची, दागिन्यांची, बाळंतपणाची पाने वेगळी काढून टाकू नका.