शिळा आणि हात

तंजावूर येथे एकाच राजाने घडवून घेतलेल्या दोन आठवणी आजही पाहावयास मिळतात. पहिली बृहदीश्वराच्या मंदिरात आहे. तेथे दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. भारतातील अत्यंत दीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. तमिळ मुलखात आपली मायबोली अशी दगडावर भेटली, म्हणजे कोणाही मराठी माणसाचा ऊर भरून यावा.

तथापि त्या शिळेमागची व्यथाही ध्यानात घेतली पाहिजे. सरफोजी हे तुळजाजीराजांचे दत्तक पुत्र. १७८७ साली तुळजाजी वारले, दत्तकविधान अशास्त्र ठरवले गेले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. १७९८ साली ती सरफोजींना मिळाली. परंतु पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. ज्याचे पुत्रत्व नाकारले गेले व सत्ताही गेली, त्याने आपली वंशकथा दगडावर कोरावी यात नवल ते काय?

दुसरी आठवण शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये आहे. मिशनरी श्वार्ट्झ यांच्यावर तुळजाजींनी या मुलाची जबाबदारी सोपवली होती, आणि त्याच्या हक्कासाठी त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. १७९८ साली ते निवर्तले. राजाने शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. त्यात मृत्युशय्येवरील गुरूचा हात राजाने आपल्या हाती धरला आहे. राजा हिंदूच राहिला. गुरू ना रक्ताचा, ना धर्माचा.

मग आपण घराण्याच्या आठवणी जपतो त्या कशासाठी? आपले नाव राहावे म्हणून, की आपल्यावरील ऋण विसरू नये म्हणून?

यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देनेच्या पात्रातून बारा धोंडे उचलले जातात. मुलांनी त्यांविषयी विचारावे आणि वडिलांनी देवाची करणी सांगावी, हा त्यांचा हेतू. दुसऱ्या शमुवेलाच्या अठराव्या अध्यायात अबशालोम स्वतःच्या नावासाठी स्तंभ उभारतो. दोन्ही ठिकाणी इब्री भाषेत स्मरणाचा एकच धातू आहे. अबशालोमाच्या स्तंभाला मात्र मुळात जो शब्द आहे, त्याचा साधा अर्थ ‘हात’. भाषांतरात तेथे ‘स्मारक’ लिहावे लागते आणि तो हात हरवतो. अबशालोमाचा हात एकटाच उभा आहे. तंजावूरच्या शिल्पातील हात दुसऱ्याच्या हातात आहे.

हे लिहिताना मला माझीच चूक आठवते. काही वर्षांपूर्वी मी घराण्याची छायाचित्रे चौकटीत बसवून बैठकीत लावली. आजी लवकर वारल्यावर माझ्या वडिलांना एका बाईने वाढवले होते. तिचे छायाचित्र पेटीत होते. नात्यातली नव्हे म्हणून मी ते वगळले. पुढे मुलीने ते काढून विचारले, “बाबा, ही कोण?” मला नाव सांगता येईना. छायाचित्रामागेही काही लिहिलेले नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते ते वडील तोवर प्रभूमध्ये निजले होते. मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत परकी राहाब व रूथ वगळल्या नाहीत. मी मात्र माझ्या वडिलांना वाढवणारीला वगळले.

म्हणून वाचकहो, आजच प्रत्येक छायाचित्रामागे पेन्सिलीने नाव व साल लिहा. वडीलधाऱ्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करा. कुटुंबाच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर जन्म व बाप्तिस्म्याच्या नोंदींबरोबर उपकारकर्त्यांचीही नावे लिहा. कौटुंबिक उपासनेत अधूनमधून एखादी जुनी वस्तू, मग तो चष्मा असो की पितळी तांब्या, मधोमध ठेवून तिची हकीकत मुलांना सांगा. ज्या वस्तूची हकीकत कोणी सांगत नाही, ती केवळ शोभेची उरते.

ते छायाचित्र आता आमच्या बैठकीत, वडिलांच्या शेजारी आहे. खाली नाव नाही. देवाला ते ठाऊक आहे. मलाही ठाऊक असायला हवे होते.