नटाचा बंध

दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःच्या देहातून आणि वाणीतून प्रकट करणाऱ्या नटाला त्या सुखदुःखाचे बंधन लागते की नाही, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेत नाट्यशास्त्राइतकाच जुना आहे आणि तो केवळ कलेचा प्रश्न नाही. नट जसा वेष धारण करतो तसा आत्मा देह धारण करतो, असे वेदान्ती आणि संत दोघेही सांगत आले. ज्ञानेश्वरीतही नटाचा दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतो. राजाचा वेष घेतल्याने नट राजा होत नाही आणि भिकाऱ्याचा वेष घेतल्याने त्याचे काही हरपत नाही, या गृहीतावर तो दृष्टान्त उभा आहे. हे गृहीतच एखाद्या खऱ्या नटाच्या आयुष्यात टिकत नसेल, तर त्या नटाबरोबर आत्म्याच्या अलिप्ततेचाही विचार नव्याने करावा लागतो. मराठी रंगभूमीवर असा विचार करायला भाग पाडणारे आयुष्य डॉ. काशिनाथ घाणेकर यांचे आहे.

घाणेकर शिक्षणाने दंतवैद्य होते. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या 1962 च्या नाटकात त्यांनी संभाजी उभा केला आणि वडिलांच्या कर्तृत्वाच्या सावलीत प्रेमासाठी आसुसलेला तो राजपुत्र प्रेक्षकांच्या मनात त्यांच्याच चेहऱ्याने वसला. पुढे कानेटकरांच्याच ‘अश्रूंची झाली फुले’मध्ये, प्रभाकर पणशीकरांच्या प्रोफेसर विद्यानंदांसमोर, त्यांनी लाल्या हा बिघडलेला विद्यार्थी रंगवला. भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’ आणि राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ या चित्रपटांनी ही कीर्ती पडद्यावर नेली. नाटकाच्या श्रेयनामावलीत इतर सर्व नटांची नावे घेऊन झाल्यावर, क्षणभर थांबून, ‘आणि’ या शब्दानंतर त्यांचे नाव उच्चारले जाई आणि नाट्यगृह शिट्ट्यांनी भरून जाई. नाटकाच्या नटासाठी असा जल्लोष मराठी प्रेक्षकांनी त्याआधी क्वचितच केला असेल. त्याच आयुष्यात मद्याचे व्यसन होते, विस्कटलेले प्रयोग आणि दुखावलेली माणसे होती. कांचन घाणेकर यांनी ‘नाथ हा माझा’ या चरित्रात पतीवरच्या उत्कट प्रेमासह हा अंधारही लिहून ठेवला आहे. 2 मार्च 1986 रोजी, नाटकाच्या दौऱ्यावर असताना, विदर्भात, अमरावती येथे त्यांचा मृत्यू झाला.

अशा आयुष्याचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते: नट भूमिकेत इतका शिरला की भूमिकेने त्याला गिळले. शास्त्रकारांनी ही शक्यता फार पूर्वी तपासली होती. इसवी सनाच्या 1000 च्या सुमारास काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांनी नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत असे प्रतिपादन केले की रस, म्हणजे नाट्यातील भावाचा वैयक्तिक सुखदुःखापलीकडे गेलेला आस्वाद, हा नटात नसतो. नटाला पात्र म्हणतात ते याचसाठी, कारण ज्या भांड्यातून मद्य प्यायले जाते त्या भांड्याला मद्याची चव कळत नाही. माळव्याचा राजा मुंज याच्या काळात ‘दशरूपक’ लिहिणाऱ्या धनंजयाची भूमिका मात्र इतकी कडक नव्हती; काव्यार्थाचे चिंतन करणाऱ्या नटाला आस्वाद घ्यायला कोणी मनाई करू शकत नाही, असे त्याने म्हटले होते. नंतर ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने यातून वाट काढली: नट असा आस्वाद घेतो तेव्हा तो नट म्हणून घेत नाही, त्या क्षणापुरता तो प्रेक्षकांपैकी एक होतो. या मतभेदात एक गोष्ट मात्र कोणीही म्हटलेली नाही. भूमिकेतील भाव नटाच्या आयुष्यात उतरून त्याला बांधतो, असे तिघांपैकी एकानेही मानले नाही.

मराठी रंगभूमीचा इतिहास शास्त्रकारांच्या बाजूने साक्ष देतो. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा मद्याने स्वतःचा आणि संसाराचा नाश करणारा सुधाकर गणपतराव बोडसांनी उभा केला. भूमिका जर नटाला गिळत असती तर ती बोडसांना आधी गिळती. ते मात्र 1965 पर्यंत जगले आणि स्वतःचे नाट्यजीवन शांतपणे लिहून गेले. उलट लाल्या हा नाटकाच्या ओघात सुधारणारा मुलगा आहे. गुरूच्या हातून घडून तो सन्मार्गाला लागतो, पोलीस अधिकारी होतो, आणि त्याचा सज्जन गुरू मात्र अन्यायाच्या धक्क्याने गुन्हेगारीकडे वळतो. हीच वाट घाणेकर प्रयोगामागून प्रयोग चालले, तरी त्या वाटेचा संस्कार त्यांच्या आयुष्यावर झाला नाही. तेव्हा बंध भूमिकेतून येत नाही, हे मान्य करावे लागते, आणि तो कुठून येतो हे शोधावे लागते.

घाणेकरांचा मृत्यू झाला त्याच विदर्भातील वाशीम जिल्ह्याच्या भूमीत या शोधाला दोन आधार मिळतात. त्यातील एक जैन कर्मविचाराचा आहे. मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे क्षेत्र, आणि कारंजा हे हस्तलिखितांच्या भांडारांसाठी ओळखले जाणारे जैन विद्येचे जुने केंद्र. या परिसरात जे तत्त्वज्ञान शतकानुशतके अभ्यासले गेले, त्यात कर्म ही केवळ नैतिक नोंद नसून जीवाला प्रत्यक्ष चिकटणारे सूक्ष्म द्रव्य आहे. देह, वाणी आणि मन यांच्या प्रत्येक हालचालीने, ज्याला ‘योग’ म्हणतात, ते द्रव्य जीवाकडे ओढले जाते. पण ते चिकटून राहील की लगेच गळून पडेल हे क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांवर, म्हणजे जीवाला डागाळणाऱ्या विकारांवर अवलंबून असते. ‘तत्त्वार्थसूत्र’ कषायरहित क्रियेच्या बंधाला ईर्यापथ म्हणते आणि तो क्षणापुरताच टिकतो. कषायसहित क्रियेचा बंध सांपरायिक असतो आणि तो जीवाला संसारात फिरवतो. ही कसोटी नटाला लावली तर प्रश्नाची जागाच बदलते. संभाजीचा क्रोध हा नटाचा क्रोध नव्हे, म्हणून तो बांधत नाही. प्रयोग संपल्यावर, रंग पुसल्यावर, नट जो उरतो त्याचा मान मात्र त्याचा स्वतःचा असतो. ज्याच्या नावापुढे रोज रात्री नाट्यगृह थरारते त्याला त्या थराराशिवायचे स्वतःचे रूप अपुरे वाटू लागले तर त्यात नवल नाही, आणि ते अपुरेपण भरून काढण्यासाठी माणूस मद्याकडे वळू शकतो. घाणेकरांच्या बाबतीत असेच घडले असे खात्रीने म्हणता येणार नाही, कारण व्यसनाची कारणे शरीरात, बालपणात आणि सहवासातही असतात. परंतु अलिप्तता कुठे तुटते याचे भूमिकेच्या सिद्धान्तापेक्षा हे उत्तर अधिक पटणारे आहे.

तरीही हे उत्तर पुरेसे नाही. मान हा कषाय आहे, तो टाका, असे सांगणे संन्याशाला लागू पडते. नटाला ते सांगताना त्याचे कर्मच हिरावून घेतले जाते. गीता कर्मावर अधिकार सांगते आणि फळाची आस सोडायला सांगते. शेतकऱ्याचे पेरणे पीक आले नाही तरी पेरणेच राहते, कारण तिथे कर्म आणि फळ यांच्यामध्ये काळ असतो. नाट्यात हे अंतरच नसते. प्रेक्षकाच्या मनात जे घडते त्याच्यावाचून अभिनय पुरा होत नाही, रिकाम्या सभागृहात केलेला प्रयोग ही तालीम असते, आणि म्हणून नटाचे फळ त्याच्या कर्माच्या आतच असते. फळाची अपेक्षा न ठेवता अभिनय करा हा उपदेश या कारणाने जवळजवळ निरर्थक ठरतो.

दुसरा आधार इथे उपयोगी पडतो. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ती राजधानी होती आणि त्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा स्वतः ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कवी होता. इसवी सनाच्या 900 च्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात या नगरीला एक असामान्य मान दिला. त्याने रचलेल्या कथेत सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आईवर रुसून घर सोडतो. त्याला परत आणायचे तर प्रेमासारखे दुसरे बंधन प्राण्यांना नाही, हे ओळखून गौरी त्याला वश करण्यासाठी साहित्यविद्यावधू निर्माण करते. ती त्याच्यामागून पूर्वेला, पांचालाला, अवंतीला आणि अखेर दक्षिणेला जाते, आणि प्रत्येक देशात तिचा वेष, तिचा विलास आणि तिची वाणी बदलते. शास्त्राच्या भाषेत या तिन्हींना अनुक्रमे प्रवृत्ती, वृत्ती आणि रीती म्हणतात. पूर्वेत तो तिच्याकडे फिरकतही नाही, मग हळूहळू विरघळतो, आणि दक्षिणेत, जिथे कैशिकी वृत्ती आणि वैदर्भी रीती जन्मते, तिथे तो पूर्ण तिचा होतो. कामदेवाचे क्रीडास्थान म्हणून वर्णिलेल्या वत्सगुल्मात दोघांचा गांधर्वविवाह होतो.

ही कथा साहित्याच्या रीतींचे कोष्टक म्हणून शिकवली जाते, आणि त्यामुळे तिच्यातली खरी गोष्ट निसटते. साहित्यविद्यावधू ही नटी आहे. रुसलेल्या प्रेक्षकासमोर ती वेष बदलत, नाचत, बोलत देशोदेशी फिरते, तो वळेपर्यंत थांबत नाही, आणि अखेर तो वळतो तेव्हा केवळ तो बांधला जात नाही, तीही बांधली जाते. अभिनवगुप्तांनी नटाला पात्र ठरवून भावापासून मुक्त केले. राजशेखराने मात्र नटाला प्रेक्षकापासून मुक्त केले नाही, कारण विवाह दोघांचा असतो. नटाचा बंध भूमिकेशी नाही, त्याच्या मानाशीही पूर्णपणे नाही. तो प्रेक्षकाशी आहे. घाणेकरांच्या संभाजीला वडिलांचे प्रेम हवे होते आणि घाणेकरांना सभागृहाचे. यातले पहिले नाटक होते, दुसरे नव्हते.

याच बंधाचे दुसरे रूप बालगंधर्वांच्या आयुष्यात दिसते. 1911 मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी वारली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. हे धैर्य की निष्ठुरता, यावर रसिक आजही वाद घालू शकतात; पण प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणणाऱ्या या नटाने तो शब्द शिष्टाचार म्हणून वापरला नव्हता, एवढे त्यावरून दिसते. कर्जे झाली, वैभव गेले, शरीर थकले, तरी त्यांनी रंगभूमी सोडली नाही. ‘धर्मात्मा’ या 1935 च्या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली आणि उत्तरायुष्यात त्यांचे भजन ऐकायला लोक जमत. त्यांनी बंध तोडला नाही, त्याला भक्तीचे रूप दिले; मायबापांनी दिले ते घेतले, नाही दिले तेव्हाही गायिले. घाणेकरांना हे साधले नाही. ते साधले नाही म्हणून त्यांना कमी लेखणे मात्र अन्यायाचे होईल, कारण बालगंधर्वांना जी भक्तीची परंपरा घरातून आणि संगीतातून मिळाली होती ती 1960 नंतरच्या व्यावसायिक नटाला कुणी दिली नव्हती.

नटाची अलिप्तता कशी असावी याचे याहून कोरडे उत्तर डॉ. श्रीराम लागूंनी आत्मचरित्राच्या ‘लमाण’ या नावातच दिले: नट हा एकाचा माल दुसऱ्यापर्यंत पोचवणारा वाहक आहे. लमाण म्हणजे बंजारा; वाशीम जिल्ह्यातीलच मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला रामनवमीला जमणाऱ्या या समाजाचे पूर्वज बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ देशभर नेत, आणि त्या धान्याने भूक भागली तरी ते श्रेय ते घेत नसत. ही कल्पना उदात्त आहे आणि अभिनवगुप्तांच्या जवळची आहे. मात्र लमाणाच्या मालाला गिऱ्हाईक मिळते तेव्हा गिऱ्हाईक त्याच्या नावाने शिट्ट्या मारत नाही.

धर्माने नट आणि प्रेक्षक यांच्या संबंधातला प्रेक्षकाचा भाग फारसा तपासलेला नाही. नाट्यशास्त्र नाट्याला पाचवा वेद म्हणते आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी, ऋषींची नक्कल करणाऱ्या भरतपुत्रांना शाप मिळून ते हीन ठरतात. मनुस्मृती नटाचे अन्न वर्ज्य सांगते. दोन्हीकडे निवाडा नटाचा होतो. त्याच्या नाट्याने तृप्त होऊन घरी गेलेल्या माणसाचे कर्तव्य काय, हे कोणी विचारत नाही. राजशेखराच्या कथेतला काव्यपुरुष वत्सगुल्मातून एकटा परत जात नाही. नाट्यगृहातला प्रेक्षक मात्र रोज परत जातो, त्याचा बंध पडदा पडताच सुटतो आणि नटाचा सुटत नाही. देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण मोजणाऱ्या संस्कृतीत नटाचे ऋण मोजले गेले नाही. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिर 26 जून 1968 रोजी, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, खुले झाले. ठाण्यातील नाट्यगृहाला घाणेकरांचे नाव आहे. जिवंत नटाचे ऋण मात्र त्याच्या पडत्या काळातच फेडावे लागते, आणि ते फेडणे म्हणजे त्याचा चुकलेला प्रयोग खपवून घेणेही नव्हे. शिट्टी मारणाऱ्या हातांनी व्यसनात बुडणाऱ्या माणसाला थांबवायचे असते, त्याच्या नावावर तिकिटे खपतात म्हणून त्याला तशाच अवस्थेत पुन्हा रंगमंचावर ढकलायचे नसते, आणि जल्लोष ओसरल्यावरही त्याच्याशी माणूस म्हणून बोलायचे असते. यापैकी काहीही कोणत्याही स्मृतिग्रंथात लिहिलेले नाही, आणि ते लिहिण्याची जबाबदारी आता रसिकांवर आहे.