एका वाक्याचा रियाज

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण येतं. मुलं त्याचा साचा पाठ करून येतात: शीर्षक, कवी, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. कविता कुठलीही असो, ‘पुनरुक्तीमुळे कवितेचं सौंदर्य वाढलं आहे’ हे वाक्य ठरलेलं. वर्षभरात दहा रसग्रहणं लिहून घेतली, तरी दहावं पहिल्यासारखंच उतरतं. साठ वह्या तपासून परत द्यायला पंधरवडा जातो. तोवर लिहिताना डोक्यात काय होतं, हे मुलं विसरलेली असतात. याला मी आता सराव म्हणत नाही.

गाण्याच्या क्लासात गुरू एक पलटा घोटून घेतात आणि गंधार हलला की तिथेच थांबवतात. बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलं ते याच्या फार जवळचं होतं. पुढे लोकांच्या लक्षात राहिले ते सरावाचे दहा हजार तास. चूक जागच्या जागी दाखवणारा गुरू मागे पडला. बेंजामिन फ्रँकलिनला तर गुरूही नव्हता. पोरवयात तो ‘स्पेक्टेटर’मधल्या लेखांची त्रोटक टिपणं काढी, काही दिवस बाजूला ठेवी, त्यांवरून लेख पुन्हा लिही आणि मुळाशी ताडून आपल्या चुका शोधी.

म्हणून मी वर्गात एकच वाक्य मागते. रॉबर्ट फ्रॉस्टची १९२३ सालची एक कविता आहे. बर्फ पडताना घोडा थांबवून कुणी रान बघत उभा आहे, आणि ‘झोपण्याआधी अजून कितीतरी मैल जायचंय’ या अर्थाची शेवटची ओळ जशीच्या तशी दोनदा येते. दुसऱ्यांदा काय बदलतं? ‘सौंदर्य’ शब्दाला बंदी.

एका मुलीने लिहिलं, ‘जोर देण्यासाठी.’ कशावर जोर? ‘तो थकलाय म्हणून.’ कुठे दिसलं? ती पुन्हा कवितेत शिरली. खाडाखोड, नवं वाक्य, पुन्हा खाडाखोड. तास त्यातच गेला. पोर्शन मागे पडतो, ही अडचण खरी आहे आणि ती मी पत्करली आहे. सातव्या खेपेला तिने लिहिलं: ‘पहिल्यांदा तो अंतर मोजतो, दुसऱ्यांदा स्वतःला तिथून ओढून काढतो, कारण रान त्याला आवडलंय.’

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘बाई, झोप म्हणजे इथे मरण आहे.’

मी काही बोलायच्या आत ती वळली. ‘कुठे दिसलं?’