तोफेचा बैल

इंचभर उंचीचे सैनिक, रसदगाड्या जोडून रंगवण्याचा छंद असलेली माणसं जगभर आहेत. त्यांच्या टेबलावर आपल्या जालना जिल्ह्यातली असईची मराठे-इंग्रज लढाईही मांडली जाते. २३ सप्टेंबर १८०३, केळणा नदीचा काठ. तेव्हा लष्करी ट्रक कुठले? तोफा बैल ओढायचे.

मराठ्यांचे काही गोलंदाज तोफांजवळ मेल्यासारखे पडून राहिले. इंग्रज पुढे सरकताच उठले आणि मागून पुन्हा तोफा डागल्या. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, याची मला फार रुखरुख वाटते.

म्हणून वाटतं, असा गोलंदाज आपल्या मुलांनीही रंगवावा. तोफेचं चाक जपून चिकटवावं, दोन केसांच्या कुंचल्यानं डोळे काढावेत. आणि बैलाच्या शिंगांना पोळ्याला लावतो तसा लालभडक हिंगूळ.